दर पावसाळ्यात टाकी फुल्ल, पाण्याला वास आणि तरी पार्किंगमध्ये पाणी: आमच्याकडे कारणं कुठे सापडली

नमस्कार मंडळी. ज्यांच्या सोसायटीत जमिनीखाली पावसाच्या पाण्याची टाकी आहे आणि दरवर्षी तेच ते रडगाणं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमची सोसायटी पुण्यात, टेकडीच्या उतारावर, दोन बिल्डिंग, चाळीस फ्लॅट. बिल्डरने ६०,००० लिटरची टाकी बांधून दिलेली, ५ मीटर बाय ४ मीटर आणि पाणी राहतं ती खोली ३ मीटर. टेरेसचं पाणी त्यात, आवारातल्या पेव्हर ब्लॉकवरचं पाणी पण त्यातच. पाणी बागेला, गाड्या धुवायला आणि एका बिल्डिंगच्या फ्लशला वापरायचं असं ठरलेलं.

त्रास सलग तीन पावसाळे सेम होता. जूनमध्ये टाकी भरायची, सगळे खूश. आठ-दहा दिवसांत पाण्याला वास. जुलैमध्ये फ्लशवाल्या बिल्डिंगमधून तक्रारी सुरू, मग फ्लशची लाइन बंद करून परत पिण्याच्या पाण्यावर. आणि ऑगस्टमध्ये एखादी मोठी सर आली की पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, पंपरूममध्ये पण. दरवर्षी आम्ही टाकी साफ करून घ्यायचो, ब्लीचिंग पावडर टाकायचो आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच. म्हणजे उपाय चालला होता लक्षणांवर, रोग कुठेय ते कोणी शोधलंच नव्हतं.

आधी वासाचं सांगतो कारण ते आधी सुटलं.

एका रविवारी सकाळी सहाच्या सुमारास मी आणि आमचे प्लंबर काका टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारून बघत होतो. चार दिवस पावसाचा थेंब नव्हता. काकांनी खूण केली, गप्प रहा म्हणून, आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो तर आत बारीक धार पडतेय. टॉर्च फिरवला तर ए बिल्डिंगकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी पांढरा फेस, त्याखाली भिंतीवर काळपट चिकट पट्टा थेट पाण्यापर्यंत, आणि वाकून वास घेतला तर सडक्या वासाच्या मागे कपड्यांच्या कंडिशनरचा वास. पाऊस नाही, मग टेरेसच्या पाइपातून साबणाचं पाणी येतंय कुठून?

ड्राय बाल्कनीतून. फ्लॅटवाल्यांनी वॉशिंग मशीन तिथे ठेवलेत आणि मशीनचा पाइप सोडायला सगळ्यात जवळ काय, तर बाल्कनीतली नाहणी, आणि ती नाहणी जोडलेली टेरेसवरून येणाऱ्या पावसाच्या डाउनटेक पाइपला. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, त्यांना माहीतच नव्हतं की हा पाइप गटारात नाही तर टाकीत जातो. साबण, कपड्यांचा मळ, धागे हे रोज टाकीत चाललेलं, तळाशी गाळ साचलेला, आत उजेड नाही हवा नाही, मग पाण्यातला ऑक्सिजन संपला की ते सडणारच. वरून कितीही ब्लीचिंग टाका, त्यातलं क्लोरीन आधी त्या घाणीवरच खर्च होतं, पाण्यासाठी काही उरत नाही.

तर वास येत असेल तर पहिली टेस्ट ही करा, हिला पैसे लागत नाहीत. चार-पाच दिवस पाऊस नसेल तेव्हा सकाळी सात ते दहा, म्हणजे मशीन लागायच्या वेळेला, टाकीत येणाऱ्या प्रत्येक पाइपाचं तोंड बघा. खाली चेंबर असेल तर चेंबरच्या तळाशी कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. कागद ओला झाला म्हणजे त्या लाइनीवर कोणीतरी जोडलेलं आहे. मग कोणाचं ते शोधायला आम्ही नीळ वापरली, नेहमीची कपड्यांची नीळ. एकेका मजल्यावरच्या नाहणीत बादलीभर निळीचं पाणी ओतायचं आणि खाली एकाने झाकणाशी बसायचं. आमच्याकडे अकरा बाल्कन्या निघाल्या. त्या सगळ्यांना वेगळा उभा पाइप टाकून ड्रेनेजला जोडलं, खर्च सोसायटीने केला, फ्लॅटवाल्यांवर टाकला नाही, कारण टाकला असता तर निम्म्यांनी अजून भांडत ठेवलं असतं.

दुसरी टेस्ट टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात क्षार वगैरे किती विरघळलेत ते दाखवणारा मीटर. छोटा पेनासारखा मीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो आणि माझ्या मते टाकी असलेल्या प्रत्येक सोसायटीत तो असायलाच हवा. टेरेसवरून आलेल्या पावसाच्या पाण्याचा टीडीएस अगदी कमी असतो, आमच्याकडे बादलीत धरलेलं पाणी ३८ दाखवत होतं. टाकीत ४१०. म्हणजे टाकीतलं पाणी निव्वळ पावसाचं नाहीच हे तिथेच कळलं. टीडीएस हळूहळू चढत असेल तर तीन शक्यता बघायच्या, एक तर असं साबणाचं पाणी, दुसरं म्हणजे भिंतीच्या भेगेतून जमिनीतलं पाणी झिरपतंय, तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारच्या ड्रेनेज चेंबरमधून मैलापाणी येतंय. तिसरी शंका आली तर गावाकडे पाणी तपासायला वापरतात ती एच-टू-एस वायल (तपासणीची छोटी बाटली) मागवा, त्यात पाणी भरून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्याचा संपर्क आहे असं धरून चालायचं. तेव्हा ते पाणी फ्लशला पण नको, आधी लाइन बंद करा मग बाकीचं.

झिरपतंय की गळतंय ते बघायला आम्ही एका बांबूवर दर १० सेंटिमीटरला ऑइलपेंटने खुणा केल्या. आमच्या टाकीत १० सेंमी म्हणजे २,००० लिटर, त्यामुळे हिशेब सोपा. रात्री पंप बंद करून लेव्हल लिहून ठेवायची, सकाळी परत बघायची. पाऊस नसताना वाढली तर बाहेरून येतंय, कमी झाली तर गळतंय. हा बांबू पुढे फार कामी आला, ते खाली सांगतो.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो, वास शोधायला किंवा गाळ काढायला कोणालाही टाकीत उतरवू नका. बंद टाकीत घाण सडली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच सडक्या अंड्यासारखा वास, आणि तो जास्त झाला की नाकाला वास कळायचाच बंद होतो, त्यामुळे आत गेलेल्या माणसाला वाटतं वास गेला आणि तो तिथेच कोसळतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. वॉचमन, माळी, कोणालाही "जरा बघून ये" म्हणून शिडी लावून द्यायची नाही. पाणी आणि गाळ वरून पंपाने किंवा सक्शन गाडीने काढा, सगळी झाकणं उघडून ब्लोअर लावा, आणि उतरणं अगदीच भाग असेल तर गॅस मीटर, बेल्ट-दोरी आणि वर उभी माणसं असलेली एजन्सीच बोलवा. आम्हीही पहिली दोन वर्षं कोणालातरी नुसतंच उतरवलं होतं आणि ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

आणि टाकी पूर्ण रिकामी करायची तर मे महिन्यात. भर ऑगस्टमध्ये आजूबाजूची माती पाण्याने फुगलेली असते आणि टाकी मोकळी केली की खालून पाणी तिला वर उचलतं, दर घनमीटरला १ टन या हिशेबाने. जमिनीत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या तर अशा वेळी चक्क वर येतात. आरसीसीची येत नाही सहसा, पण जोड मात्र उघडू शकतात.

साबण बंद केल्यावर वास बराच गेला पण पहिल्या पावसाचं पाणी अजूनही चहासारखं यायचं. कारण टेरेसवर आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा, पाल्याचा चुरा, आणि पहिली सर ते सगळं धुऊन टाकीत आणते. कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या बाजूला खडकात कोरलेली पाण्याची टाकी बघा, तिथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय, खडकावरचं पाणी पन्हाळीतून त्यात यायचं. तिथे माणसांचं रोजचं पिणं त्यावर होतं म्हणून वरचा उतार स्वच्छ ठेवणं हे ओघाने आलंच असणार. आपण टाकी बांधतो आणि टेरेस विसरतो. आता आम्ही मेच्या शेवटी टेरेस झाडून धुऊन घेतो आणि प्रत्येक डाउनटेकला फर्स्ट फ्लशचा उभा पाइप लावलाय, पहिलं पाणी त्यात भरतं आणि तो भरला की पुढचं टाकीकडे जातं. हिशेब असा की १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, पहिले १ ते २ मिमी सोडून द्यायचे, आमचं टेरेस दोन्ही मिळून ९०० चौरस मीटर म्हणजे ९०० ते १,८०० लिटर. त्या पाइपाच्या तळाला बारीक भोक ठेवा म्हणजे सर थांबल्यावर तो आपोआप रिकामा होतो, नाहीतर पुढच्या सरीला तो भरलेलाच असतो आणि काही उपयोग नाही. आमच्याकडे सुरुवातीला कॉक बसवला होता आणि तो रोज कोण उघडणार यावर गाडी अडली.

टाकीच्या आत दोन बदल केले, छोटे आहेत पण फरक मोठा पडला. येणारं पाणी आधी वरून धबाधबा पडायचं आणि तळाचा गाळ ढवळला जायचा, आता पाइप तळाजवळ नेऊन एल्बो लावून तोंड वर वळवलंय, पाणी शांतपणे येतं आणि गाळ जागेवर राहतो. आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह, तळाला टेकलेला होता तो काढून लवचीक पाइप लावला आणि त्याला फ्लोट बांधला, म्हणजे पंप पृष्ठभागाच्या साधारण वीतभर खालचं पाणी खेचतो, जे सगळ्यात स्वच्छ असतं. पाणी अगदी कमी झालं की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावा, नाहीतर हवा ओढून मोटर जळते.

डासांचं थोडक्यात. व्हेंट पाइपाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, झाकणाला रबर पट्टी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा टॉर्च मारून अळ्या आहेत का बघणं एवढं पुरतं. गप्पी मासे उघड्या हौदात छान काम करतात, बंद अंधाऱ्या टाकीत मी जाळीवरच भरवसा ठेवीन.

आता पार्किंगमधल्या पाण्याचं, आणि इथे आमची सगळ्यात मोठी चूक होती जी तीन वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही.

आमचा समज असा की एवढी मोठी टाकी आहे तर पाणी तुंबायलाच नको. पण टाकी भरलेली असेल तर ती पाणी घेणार कुठे? बांबूवरची रोजची लेव्हल वॉचमन काकांनी वहीत लिहून ठेवली होती, ती चाळली तर कळलं की २८ जून ते २० ऑगस्ट टाकी एकदाही अर्ध्याच्या खाली गेली नाही, बहुतेक दिवस काठोकाठ. वापर आमचा दिवसाला ४,००० लिटर, म्हणजे भरलेली टाकी संपवायला १५ दिवस, आणि पावसाळ्यात १५ दिवस कोरडे मिळतात कुठे. दुसरीकडे आवक बघा, ४० मिमीची एक सर आली की, थोडं पाणी मुरतं-उडतं ते सोडून, टेरेसवरून साधारण ३२,००० लिटर आणि आवारातल्या ७०० चौरस मीटर पेव्हरवरून अजून २२,००० च्या आसपास. आधीच भरलेल्या टाकीत ५४,००० लिटर यायला बघतंय.

मुंबईत हिंदमाताला सखल बशीसारख्या भागात पाणी साचायचं म्हणून दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला झेवियर्स मैदानाखाली महापालिकेने साठवण टाक्या बांधल्या, त्यांचं काम बघा, भरतीच्या आणि मोठ्या पावसाच्या वेळेला पाणी धरून ठेवायचं आणि नंतर उपसून काढून टाकायचं, म्हणजे पुढच्या पावसाला टाकी पुन्हा मोकळी. उलट टोकियोतलं सुमोचं स्टेडियम, रयोगोकू कोकुगिकान, १९८५ पासून छपराचं पाणी तळघरातल्या सुमारे १,००० घनमीटरच्या टाकीत साठवून टॉयलेटला वापरतं, तिथे पाणी जपून ठेवणं हे काम. एकाला रिकामं असायचंय, एकाला भरलेलं. आमच्या एका टाकीकडून आम्ही दोन्ही मागत होतो आणि मधे काही सोयच केलेली नव्हती.

उपाय असा केला की टाकीचे मनातल्या मनात दोन भाग पाडले. खालचे २ मीटर म्हणजे ४०,००० लिटर वापरायचं पाणी. वरचा १ मीटर म्हणजे २०,००० लिटर कायम मोकळा ठेवायचा, फक्त सरीसाठी. तो मोकळा राहावा म्हणून तळापासून २ मीटरवर भिंतीला पाइप काढला आणि त्याच्या तोंडाला २५ मिमी भोकाची प्लेट बसवली, पुढे जाळीचा डबा. सर आली की पाणी वर चढतं आणि मग त्या भोकातून हळूहळू, सात-आठ तासांत, बाहेर जातं. रात्रीच्या पावसाची जागा सकाळपर्यंत मोकळी. मोठं भोक ठेवायचा मोह होतो पण मग पाणी लगेच रस्त्यावर जाणार आणि खालच्या गल्लीत तेच पाणी तुंबणार, आपण फक्त आपला त्रास शेजाऱ्याच्या दारात नेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर येऊन काय झालं ते पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, उतारावरचं सगळं पाणी एकाच वेळी खाली पोचलं की ओढ्याला जागाच उरत नाही. वरच्या प्रत्येक सोसायटीने आपलं पाणी चार-सहा तास धरून ठेवलं तर खालच्यांना तेवढाच श्वास मिळतो असं मला मनापासून वाटतं.

हा २०,००० लिटरचा भाग आमच्या टेरेसवरच्या २५ मिमी सरीला पुरतो. त्याहून मोठी आली तर ओव्हरफ्लो, आणि ओव्हरफ्लोमध्येच दुसरी भानगड होती. आत येणारे पाइप दोन, ६ इंची. बाहेर जाणारा एक, ३ इंची. पाइपाच्या तोंडाचा हिशेब केला तर आत येणारी जागा बाहेर जाणाऱ्याच्या आठपट. आणि तो ३ इंची पाइप जोडलेला पार्किंगच्या चरीला, चर जोडलेली रस्त्याच्या चेंबरला, मधे पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नाही. रस्त्याचं गटार भरलं की पाणी उलटं फिरून पार्किंगमध्ये, आणि टाकीतपण! आमच्या टाकीत पावसाळ्यात रस्त्याची घाण येत होती ती अशी. हे तपासायला जोराच्या पावसात कोणीतरी छत्री घेऊन ओव्हरफ्लोच्या चेंबरशी उभं राहिलं पाहिजे, कोरड्या दिवशी हे कधीच दिसत नाही. आता ओव्हरफ्लो ६ इंची दोन आहेत, पार्किंगला न लागता थेट बाहेर, आणि प्रत्येकावर फ्लॅप व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. फ्लॅपमध्ये प्लॅस्टिकची पिशवी अडकली तर तो उघडाच राहतो, म्हणून दर आठवड्याला बोटाने हलवून बघायचं.

पेव्हरवरचं पाणी आम्ही टाकीतून पूर्ण तोडलं. त्यात गाड्यांचं ऑइल, माती, कुत्र्यांची घाण. ते आता गाळाच्या दोन चेंबरमधून शोषखड्ड्यात जातं. बोअरमध्ये थेट सोडू नका, पार्किंगचं पाणी तर अजिबात नाही, एकदा जमिनीखालचं पाणी बिघडलं तर ते धुता येत नाही.

ज्यांच्याकडे रस्त्याचं गटार टाकीच्या त्या पाइपापेक्षा वर आहे त्यांना भोकाची प्लेट चालणार नाही, तिथे वरच्या लेव्हलला फ्लोट स्विच लावून छोटा पंप ठेवावा लागेल, आणि पंपाचं पॅनेल जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर. मुंबईत सखल भागात असाल तर भरतीच्या वेळी बाहेर पाणी जाणारच नाही असं धरूनच मोकळा भाग ठरवा, भरती ते ओहोटी साधारण सहा तास, तेवढा वेळ तुमचं तुम्हाला धरता आलं पाहिजे.

फ्लशच्या लाइनीबद्दल एकच. पावसाचं पाणी संपलं की महापालिकेचं पाणी त्याच टाकीत सोडायची सोय बरेच जण करतात, ते चालतं, पण वरून मोकळ्यात पडेल असं, मधे वीतभर हवेची गॅप ठेवून. पाइपाला पाइप जोडून व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, एक व्हॉल्व्ह लीक झाला की टाकीचं पाणी पिण्याच्या लाइनीत. आणि पाइपाला वेगळा रंग द्या, आम्ही हिरवा दिलाय, म्हणजे पाच वर्षांनी नवा प्लंबर आला तरी चुकणार नाही. पुण्यात पावसाच्या पाण्याची यंत्रणा चालू असेल तर मिळकत करात सूट मिळते, त्यासाठी म्हणून तरी कमिटीत हा विषय लवकर पास होतो.

या पावसाळ्यात टाकीचा टीडीएस ६० च्या आसपास राहिलाय, फ्लशची लाइन जूनपासून एकदाही बंद केलेली नाही. पार्किंगमध्ये एकदाच पाणी आलं, जुलैमध्ये, आणि ते टाकीमुळे नाही तर रॅम्पच्या आडव्या जाळीवर सोनमोहराचा पाला बसल्यामुळे. जाळीच्या पट्ट्या रॅम्पच्या दिशेने उभ्या आहेत त्या आडव्या करून आणि चर ६ इंच रुंद आहे ती १२ इंच करून बघणार आहोत, काम दिवाळीनंतर. तोवर पावसाचा अंदाज असला की माळीकाका संध्याकाळी खराटा घेऊन तिथे एक फेरी मारतात.